बोटीवर हाताशी चार पैसे

मैत्रिणींनो, गेल्या पंधरवड्यात सांगलीच्या एका भगिनीचं पत्र आलं. पत्र तसं साधंच आहे, पण मी ते दोनदा वाचलं. मुलगा ह्यूस्टनला असतो. या खेपेला आई-वडिलांना घेऊन बोटीची सात दिवसांची सहल करायची असं त्याने ठरवलंय. गॅल्व्हेस्टन बंदरातून बोट सुटायची, मेक्सिकोतल्या कोझुमेल वगैरे बंदरांना लागायची आणि परत यायची. तिकिटं काढून झाली, सूनबाईंनी पोहण्याच्या तलावाचे फोटोही पाठवले. पण बाईंच्या मनात एक सल आहे. त्या लिहितात, "मुलगा म्हणतो, आई तुला पैशाला हातच लावायचा नाही, सगळं माझ्या खात्यावर. पण ताई, सात दिवस एक कप कॉफी घ्यायची तरी सुनेच्या तोंडाकडे बघायचं का? माझ्याकडे भिशीचे पन्नास हजार आहेत. ते डॉलर करून नेले तर बोटीवर चालतात का? आणि कमी पडले तर तिथे पैसे काढता येतात का? यांना विचारलं तर म्हणाले, तुला काय करायचेत पैसे!"

शेवटच्या वाक्याला उत्तर द्यायचं म्हणून मी हा आठवडा बोटीवरच्या पैशाला दिला. आपल्याकडच्या कितीतरी जणी आता मुलाबाळांमुळे किंवा सहल कंपन्यांबरोबर सिंगापूरहून, मायामीहून, युरोपातून अशा बोटींवर जातात. कपडे कुठले न्यावे, बोट लागू नये म्हणून काय करावं, हे सगळे सांगतात. पैशाचं मात्र कोणी सांगत नाही. ते खातं पुरुषांचं असं गृहीत धरलेलं असतं ना!

आधी तिथली तऱ्हा समजून घेऊ. पूर्वी भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरीकडे, गोव्याकडे आगबोटी जायच्या, तेव्हा चहावाल्याला नाणं दिलं की चहा मिळायचा. या मोठ्या सहलीच्या बोटींवर तसं नाही. तिथे दुकानात, कॉफीच्या काऊंटरवर, केस कापायला, कुठेही रोख पैसे चालत नाहीत. बोटीवर चढताना प्रत्येकाला एक कार्ड मिळतं. तीच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच पैशाचं पाकीट. जे घ्याल ते त्या कार्डावर नोंदलं जातं आणि सहलीच्या शेवटी एकत्र बिल होतं. आपल्या वाण्याच्या वहीसारखंच म्हणा, फक्त वाणी महिनाभर थांबतो, हे सातव्या दिवशी सकाळी हिशेब चुकता करतात.

या खात्याला पाठीमागे काहीतरी जोडावं लागतं. बहुतेक जण क्रेडिट कार्ड जोडतात. पण, आणि हे सांगलीच्या ताईंनी नीट वाचावं, कार्डाऐवजी रोख अनामतही ठेवता येते. बोटीवर चढल्यावर चौकशीचं मोठं काऊंटर असतं, तिथे दोनशे-तीनशे डॉलर भरायचे, पावती घ्यायची, तेवढी रक्कम खात्यावर जमा. उरलेले शेवटी परत मिळतात. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. एका खोलीत चार माणसं असली तरी चौघांचं खातं एकाच कार्डाला जोडायला हवं असं मुळीच नाही. प्रत्येकाचा खर्च वेगळ्या कार्डावर किंवा वेगळ्या अनामतीवर टाकता येतो. तेव्हा मुलाने खोलीचं, जेवणाचं सगळं करू द्यावं, त्याची हौस आहे. पण तुमच्या नावापुढे तुमची अनामत असं नोंदवून घ्या. मग त्या फेसाळ कॉफीसाठी कोणाच्या तोंडाकडे बघायला नको. जेवणघरातला साधा चहा, साधी कॉफी आणि पाणी फुकटच असतं. काऊंटरवर मागून बनवून घ्याल तिथे पैसे पडतात, आणि पेयांवर वर अठरा ते वीस टक्के सेवाशुल्कही लागतं. म्हणजे पाच डॉलरची कॉफी सहाला पडते, हे मनात असू द्या.

मग रोख पैसा लागतो कुठे? लागतो, आणि नेमका बायकांनाच लागतो असा माझा अनुभव आहे. बोट बंदराला लागली की खाली उतरून टॅक्सी, शहाळं, बाजारातली एखादी रंगीत ओढणी, स्वच्छतागृहाचे सुटे. बोटीत चढण्याआधी धक्क्यावर सामान उचलणाऱ्या हमालाला, अमेरिकेत एका बॅगेमागे एक-दोन डॉलर देण्याची पद्धत आहे. आणि खोली झाडणाऱ्या, टॉवेलचा हत्ती करून ठेवणाऱ्या त्या मुलाच्या हातावर शेवटच्या दिवशी काही ठेवावंसं वाटतं ते. खरं तर अमेरिकन कंपन्या बक्षिसीची रक्कम खात्यावर आपोआप लावतात, माणशी दिवसाला साधारण सोळा ते वीस डॉलर. अठरा धरले तरी दोघांचे सात दिवसांचे २५२ डॉलर होतात, बघा! मुलाला विचारून घ्या, त्याने ते तिकिटाबरोबर आधीच भरले असतील. त्यामुळे वर द्यायचं बंधन काही नाही. पण या बोटींवर आपल्याकडची पुष्कळ मुलं काम करतात. गोव्यात तर घरटी एक तारवटी असायचा असं म्हणतात. असा एखादा मुलगा आठवडाभर "आंटी, वरण-भात हवा का" म्हणून विचारत राहिला, की पाकिटात वीस डॉलर घालून द्यावेसे वाटतातच. ते कार्डावर कसे देणार?

आता समजा, पैसे नेले नाहीत किंवा संपले. बोटीवर रोख मिळवायचे मार्ग दोन-तीनच आहेत, आणि सगळे महाग.

पहिला, बोटीवरचं एटीएम. ते असतं, बहुधा कॅसिनोच्या तोंडाशी किंवा चौकशीच्या काऊंटरजवळ. अमेरिकन बोटीवर त्यातून डॉलरच निघतात. दर खेपेला यंत्राची फी पाच ते दहा डॉलर. ही झाली बोटीची फी. शिवाय आपली इथली बँक परकीय चलनाचा अधिभार लावते, त्याला मार्कअप म्हणतात. साध्या कार्डांवर तो साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. त्या अधिभारावर अठरा टक्के जीएसटी. आणि परदेशातल्या एटीएममधून काढल्याबद्दल बँकेची वेगळी फी.

हिशेब मांडून बघू, त्याशिवाय आपल्याला पटत नाही. सोयीसाठी डॉलर ९० रुपये धरू, यंत्राची फी ६ डॉलर, बँकेची फी १५० रुपये. शंभर डॉलर काढले. खात्यातून गेले १०६ डॉलर, म्हणजे ९,५४० रुपये. त्यावर अधिभार ३३४. त्यावर जीएसटी ६०. बँकेची फी जीएसटीसकट १७७. एकूण १०,१११ रुपये. हातात आलेल्या शंभर डॉलरची किंमत ९,०००, आणि ते हातात यायला पडले अकराशे अकरा! आणि हे डेबिट कार्डाचं झालं. त्याच यंत्रात क्रेडिट कार्ड घातलंत तर रोख काढल्याची फी अडीच टक्के किंवा तीन-पाचशे रुपये, जे जास्त असेल ते, आणि त्याच दिवसापासून महिना साडेतीन टक्क्यांच्या घरातलं व्याज. क्रेडिट कार्डावर खरेदीला जी महिना-दीड महिन्याची सवलत मिळते ती रोख काढलेल्या पैशाला मिळत नाही, हे शिकलेल्या माणसांनाही माहीत नसतं. तेव्हा क्रेडिट कार्ड एटीएममध्ये घालायचं नाही, नाहीच.

दुसरा मार्ग ऐकून तुम्ही हसाल. कॅसिनो! म्हणजे बोटीवरचा जुगाराचा अड्डा. तिथे आपलं खोलीचं कार्ड दाखवून खात्यावर पैसे उचलता येतात. कंपनीप्रमाणे तीन ते पाच टक्के जास्त लावतात. ते पैसे यंत्रात घेऊन, न खेळता तसेच बाहेर काढून, खजिनदाराच्या खिडकीवर रोख करून घेणारे लोक असतात. काही कंपन्यांना ते आवडत नाही, आणि नुसतं रोख काढायला येणाऱ्याला त्या नकारही देतात. हाच हिशेब इथे केला तर गंमत दिसते. शंभर डॉलरला पाच टक्के म्हणजे १०५ डॉलर खात्यावर पडले. ते क्रेडिट कार्डावर बोटीच्या बिलातच जातात. ९,४५० रुपये, त्यावर अधिभार ३३१, जीएसटी ६०. एकूण ९,८४१. म्हणजे एटीएमपेक्षा पावणेतीनशे रुपयांनी स्वस्त! पण चारशे डॉलर घेतलेत तर उलटं होतं. एटीएमची सहा डॉलरची फी ठोक असते, टक्केवारी मात्र रकमेबरोबर वाढते. चारशेला कॅसिनोत वीस डॉलर जातात, आणि एटीएमपेक्षा अकराशेहून जास्त रुपयांनी ते महाग पडतं. साधारण दीडशे डॉलरच्या जरा पुढे पारडं फिरतं.

हे मी हिशेब म्हणून सांगितलं. माझं मत विचाराल तर त्या खोलीत पैसे काढायला जाऊच नये. दिवे चमकतायत, घंटा वाजतायत, हातात शंभर डॉलर आणि समोर यंत्र. माझ्या ओळखीतल्या एक अत्यंत काटकसरी बाई, ज्या भाजीवाल्याशी आठ आण्यांसाठी भांडत आल्या, तिथे "बघू तरी" म्हणून बसल्या आणि चाळीस डॉलर घालवून उठल्या. शिवाय बोट धक्क्याला लागलेली असताना कॅसिनो बहुतेक ठिकाणी बंद ठेवावा लागतो. म्हणजे बंदरावर उतरताना पैसे हवेत, आणि नेमकं तेव्हाच दार बंद.

चौकशीच्या काऊंटरवर पूर्वी प्रवासी धनादेश वटवून मिळत. आता तिथे मुख्यतः मोठ्या नोटेची मोड मिळते. काही बोटींवर एका देशाचं चलन देऊन दुसऱ्या देशाचं घेता येतं, पण भाव पाहून पदर आवरता घ्यावासा वाटतो.

त्यापेक्षा बंदरावर उतरल्यावर एखाद्या बँकेच्या शाखेतलं एटीएम बरं. तिथेही आपल्या बँकेचा अधिभार लागतोच, पण बोटीवरच्या यंत्राची फी वाचते, निदान कमी होते. तिथे पडद्यावर एक गोड प्रश्न येतो, "रक्कम रुपयांत घ्यायची का?" आपल्याला वाटतं, वा, रुपयांत कळेल तरी! ते बटण दाबायचं नाही. रुपयांत घेतलं की त्यांच्या मनाचा भाव लागतो, आणि तो नेहमी आपल्या तोट्याचा असतो. दुकानात कार्डाने पैसे देतानाही हाच प्रश्न येतो. तिथल्या चलनातच होऊ द्यायचं.

आता माझं स्वतःचं सांगते. सांगायला थोडा संकोच वाटतो, पण त्याशिवाय तुम्हाला कळणार नाही मी एवढं घोटून का लिहिते आहे ते.

२०१८ मध्ये आम्ही दोघं एका ग्रुपबरोबर सिंगापूरहून बोटीने गेलो होतो. पेनांग, फुकेत आणि परत. निघण्याच्या आदल्या दिवशी माझ्या थोरल्या जाऊबाई घरी आल्या आणि मला स्वयंपाकघरात घेऊन म्हणाल्या, "भावोजींकडे किती आहेत ते मला सांगू नकोस. तुझ्याकडे किती आहेत?" माझ्याकडे काहीच नव्हतं. यांचं क्रेडिट कार्ड होतं, पुरे की! त्या म्हणाल्या, "मुळीच पुरे नाही." त्यांनी मला हाताला धरून चलन बदलून देणाऱ्याकडे नेलं आणि माझ्या पैशातून शंभराच्या तीन नोटा घ्यायला लावल्या. मी त्या ब्लाउजपीसच्या घडीत ठेवल्या आणि विसरले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओल्या डेकवर यांचा पाय घसरला. मनगट टम्म सुजलं. बोटीवर दवाखाना असतो, डॉक्टर चांगला होता, त्याने फोटो काढला, हाड मोडलेलं नव्हतं, पट्टी बांधून दिली. बिल झालं तीनशे चाळीस डॉलर. तेही खोलीच्या खात्यावर. आम्हाला वाटलं, झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी यांच्यासाठी वरच्या मजल्यावरून संत्र्याचा रस घ्यायला गेले तर काऊंटरवरच्या मुलीने माझं कार्ड दोनदा लावलं आणि हळूच म्हणाली, मॅडम, खालच्या काऊंटरवर जाऊन याल का?

खाली गेले. तिथे कळलं की खातं थांबवलंय. बोटवाले मधूनमधून आपल्या क्रेडिट कार्डावर रक्कम राखून ठेवत असतात. सिंगापूरला यांनी जावयांसाठी कॅमेरा घेतला होता, त्यात कार्डाची मर्यादा निम्मी संपलेली. त्यात बोटीने रक्कम राखलेली. त्यावर दवाखाना. बँकेने नकार दिला. आता दुसरं कार्ड द्या किंवा रोख भरा. माझ्याकडे माझ्या खात्याचं डेबिट कार्ड होतं, आमच्या सहकारी बँकेचं. ते देशाबाहेर चालतच नव्हतं! एटीएममध्ये घातलं, तसंच बाहेर आलं. हे खोलीत हात गळ्यात बांधून झोपलेले. ग्रुपच्या लोकांकडे मागायचे म्हणजे... तुम्ही समजू शकता.

मग ब्लाउजपीस आठवला. दोनशे डॉलर मोजून काऊंटरवर ठेवले, पावती घेतली, खातं चालू झालं. उरलेले मुलाने इथे कार्डाची थकबाकी भरल्यावर वळते झाले. रस घेऊन खोलीत गेले तेव्हा यांना सगळं सांगितलं. हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुझ्याकडे डॉलर कुठून आले?" मी म्हटलं, "आमच्या जाऊबाईंनी दिले." तेही खरंच होतं म्हणा.

दवाखान्याचे पैसे विम्यातून दोन महिन्यांनी परत आले, कारण बिल, डॉक्टरची चिठ्ठी आणि पावती मी सांभाळून ठेवली होती. प्रवासाचा विमा काढल्याशिवाय बोटीवर पाऊल ठेवू नका. आणि विमा असला तरी बोटीवर आधी आपल्याला भरावे लागतात, मग विमा कंपनीकडे मागायचे, हे लक्षात ठेवा.

तिसऱ्या नोटेचीही एक कथा आहे. फुकेतला उतरले, म्हटलं बाट करून घेऊ. तिथल्या माणसाने नोट उजेडात धरली आणि परत दिली. कोपऱ्यात कोणीतरी पेनने बारीकशी खूण केलेली! आपल्याकडे नोटेवर हिशेब लिहिलेला असतो तरी चालते. तिथे डॉलरवर शाईचा डाग, बारीक फाटणं, काही चालत नाही. बोटीवर परत येऊन काऊंटरवर पाच विसाच्या नोटा करून घेतल्या, त्यांनी घेतली बिचाऱ्यांनी. पण तोवर फुकेतचा बाजार हुकला. तेव्हा इथे डॉलर घेताना प्रत्येक नोट दोन्ही बाजूंनी बघा. डाग दिसला तर बदलून मागा. ते कुरकुरतील, कुरकुरू देत.

आता ताई, तुमच्या पन्नास हजारांकडे येऊ.

डॉलर इथूनच न्या. रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या चलन बदलणाऱ्याकडून किंवा बँकेतून घ्या, सांगलीतही मिळतील. पासपोर्ट, पॅन कार्ड, व्हिसा, तिकीट, सगळं तुमच्या नावाचं लागेल, यांच्या पॅनवर होणार नाही. पॅन नसेल तर आधी ते काढा. प्रवासाच्या साठ दिवसांपेक्षा आधी घेता येत नाहीत. रोख रुपये देऊन घ्यायचे तर पन्नास हजारांच्या आत, त्यापुढे चेकने किंवा खात्यातून. एका खेपेला माणशी तीन हजार डॉलरपर्यंत नोटा नेता येतात. तुम्हाला तेवढ्या नकोच आहेत. पाचशे पुरेत.

भाव ९० असला तर तो आपल्याला साधारण रुपया-दीड रुपया चढवून देतो. ९१.५० धरले तर पाचशे डॉलरचे ४५,७५० रुपये आणि वर जीएसटी ८२. एकूण ४५,८३२. म्हणजे शंभर डॉलरमागे जास्तीचे पडले १६६ रुपये. वर बोटीच्या एटीएमला अकराशे अकरा पडले होते, आठवतंय ना? आणि पन्नास हजारांतले चार हजार तुमच्याकडेच राहिले. दोन-तीन ठिकाणी फोन करून भाव विचारा, साडीच्या दुकानात विचारतो तसाच. विमानतळावरच्या काऊंटरवर ठेवू नका ही कामं, तिथे भाव नेहमी वाईट असतो, कारण अडल्या माणसाकडूनच घ्यायचे असतात त्यांना.

सगळ्या शंभराच्या नोटा घेऊ नका. इथे सहसा शंभराच्याच पुढे करतात. पन्नास, वीस मिळतात का ते विचारा. नाहीतर ह्यूस्टनला मुलाला सांगून एक, पाच आणि दहाच्या नोटा करून घ्या. कोझुमेलला डॉलर चालतात, पण वीस देऊन तीन डॉलरची वस्तू घेतलीत तर मोड मेक्सिकोच्या पेसोत मिळेल, आणि ते पेसो सांगलीत येऊन कपाटात पडतील. एक-एकच्या वीस-पंचवीस नोटा असल्या की सहल सुखाची होते. एखाद्या वेळी बोट बहामाला लागली तर तिथेही डॉलर सरळ चालतो. तिथलं चलन डॉलरच्या बरोबरीचं आहे, पण परत दिलेली मोड त्यांच्या चलनात आली तर ती तिथेच संपवा.

पाचशेतले दोनशे बोटीवर अनामत भरा, तुमच्या स्वतःच्या नावावर. पावती किल्लीबरोबर ठेवा. तीनशे हाताशी. खोलीत छोटी तिजोरी असते, आकडा तुमचा तुम्ही लावायचा, त्यात अडीचशे आणि पर्समध्ये पन्नास. लग्नाची तारीख आकडा म्हणून लावू नका, घरात सगळ्यांना ठाऊक असते!

शिवाय एक कार्डही असू द्या, पण चालणारं. २०२० पासून आपल्याकडे असा नियम आहे की नवीन कार्ड आधी फक्त देशातच चालतं. परदेशात चालायला ते आपण स्वतः बँकेच्या अॅपवरून किंवा शाखेत जाऊन सुरू करायचं असतं. कितीतरी लोक कार्ड घेऊन जातात आणि तिथे ते नाही म्हणतं, त्याचं कारण एवढंच. निघण्याआधी शाखेत जा, बाईला विचारा, तुमच्यासमोर सुरू करून घ्या. रकमेची मर्यादाही घालून घ्या. आणि कार्ड तुमच्या खात्याचं असावं. यांच्या क्रेडिट कार्डाला जोडलेलं दुसरं कार्ड तुमच्या नावाने मिळतं, दिसायला ते तुमचंच, पण मर्यादा दोघांची एकच. ज्या दिवशी त्यांचं संपतं त्या दिवशी तुमचंही संपतं. माझंच उदाहरण आहे.

ते प्रवासी कार्ड, ज्यात आधी डॉलर भरून ठेवतात, तेही चांगलं आहे. पण ते आणि डेबिट कार्ड बोटीच्या खात्याला जोडू नका. बोट रक्कम राखून ठेवते ती आपल्या खऱ्या पैशातून अडकते, आणि सहल संपल्यावर मोकळी व्हायला आठवडा, कधी महिनाही लागतो. ती कार्डं बंदरावर वापरायला. आणि आपलं यूपीआय बोटीवर चालेल असं धरून जाऊ नका. भर समुद्रात मोबाईलला रेंज नसते, असली तरी ती बोटीच्या महागड्या जाळ्याची असते. आपली रोमिंग बंद करून ठेवा, नाहीतर फोनचं बिल पाहून यांचं मनगट न पडताच सुजेल.

दुसऱ्या बोटींवर जाणाऱ्या मैत्रिणींसाठी दोन शब्द. बोट सिंगापूरहून सुटते म्हणून तिच्यावर सिंगापूरचा डॉलर चालतो असं नाही, अमेरिकन कंपनीची असेल तर तिथेही हिशेब अमेरिकन डॉलरमध्येच असतो. भूमध्य समुद्रातल्या युरोपियन बोटींवर युरो. तिकीट काढतानाच विचारा, बोटीवर हिशेब कुठल्या चलनात? आणि मुंबईहून गोव्याकडे, लक्षद्वीपकडे जाणाऱ्या बोटीवर आपले रुपयेच, तिथे ही सगळी कटकट नाही.

शेवटच्या रात्रीची एक गोष्ट. खात्याचा हिशेब खोलीतल्या टीव्हीवर किंवा बोटीच्या अॅपवर रोज दिसतो. तो दोन दिवस आधीच बघा. न घेतलेली पाण्याची बाटली, न केलेला मसाज, चुकून लागलेलं काही असलं तर तेव्हाच काऊंटरवर सांगा. शेवटच्या दिवशी सकाळी तिथे रेशनच्या दुकानासारखी रांग असते, आणि अनामतीचे उरलेले पैसे घ्यायलाही त्याच रांगेत उभं राहावं लागतं. शक्यतो आदल्या संध्याकाळी जेवणाच्या वेळी जा, तेव्हा सगळे जेवायला गेलेले असतात.

उरलेले डॉलर घरी आणलेत तर घाईने विकायला नकोत. दोन हजार डॉलरपर्यंतच्या नोटा स्वतःजवळ ठेवायला परवानगी आहे. त्याहून जास्त असतील तर आल्यापासून १८० दिवसांत परत द्यायच्या. पुढच्या खेपेला उपयोगी पडतील, किंवा तुमच्या धाकट्या जावेला निघताना देता येतील.

अमेरिकेचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा आत येऊ देणारा आहे ना, तेवढं मुलाकडून पाहून घ्या. बोट मेक्सिकोला जाऊन परत अमेरिकेतच यायची आहे. आणि यांनी विचारलंच, "तुला काय करायचेत पैसे?" तर हे पान वाचायला द्या. आल्यावर मात्र पत्र लिहा, कोझुमेलला सुटे पुरले का ते.